अदृश्य वायूचा हिशेब
(वार्षिक संमेलनप्रसंगी केलेले भाषण)



गोबरगॅस आपल्या वऱ्हाडात सर्वांच्या परिचयाचा आहे. शेण बंद टाकीत कुजून जो वायू चूल पेटवितो, त्यातील मुख्य भाग मिथेनचा. शहराच्या उकिरड्यातही हाच वायू तयार होतो. शिळे अन्न, भाजीचे देठ ढिगाखाली दबले व हवा मिळेनाशी झाली, की जंतू त्याचे मिथेन करतात. टाकीतला वायू चुलीत जळतो. उकिरड्यातला थेट आकाशात जातो. 20 वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट उष्णता धरून ठेवतो. उन्हाळ्यात उकिरडा पेटला की हा वायू आगीला साथ देतो, आणि धूर शेजारच्या वस्तीच्या नाकातोंडात जातो.

या वायूला रंग नाही, वास नाही. मग तो मोजावयाचा कसा? मिथेन सूर्यप्रकाशातील ठराविक अवरक्त किरण शोषतो. परतलेल्या प्रकाशात ते किती घटले, हे उपग्रह टिपतो. 2017 मध्ये सोडलेल्या 'सेंटिनेल-5पी' उपग्रहावरील 'ट्रोपोमी' यंत्र हेच काम करते. परंतु नुसती नोंद पुरत नाही. जोराच्या वाऱ्यात वायू पांगून थोडा दिसतो, वारा पडला की साचून अधिक दिसतो. वाऱ्याचे आकडे जोडून गणित केले, म्हणजे तासाला किती टन निघतो ते कळते.

अशा गणितातून शास्त्रज्ञांनी मुंबई, दिल्ली, लाहोर व ब्युनोस आयरिस ही शहरे तपासली. 2022 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ट्रोपोमीने शहर दाखविले, 'जीएचजीसॅट'च्या बारीक नजरेच्या उपग्रहांनी नेमकी कचराभूमी दाखविली. मुंबईत एका कचराभूमीतून तासाला सुमारे 10 टन मिथेन निघत होता. या शहरांचे उत्सर्जन आधीच्या अंदाजांच्या 1.4 ते 2.6 पट भरले.

अंदाज चुकला की उपायही अपुरा पडतो. जागा व प्रमाण कळले, तर ढीग मातीने झाकता येतो, नळ्या घालून वायू काढून घेता येतो, आणि पुन्हा मोजून फरक पडला का तेही पाहता येते. तथापि अमरावती असो वा अकोला, खरा उपाय घरातच सुरू होतो. ओला कचरा वेगळा ठेवून त्याचे खत वा गॅस केला, तर तो ढिगात दबतच नाही.

विद्यार्थी मित्रांनो, उपग्रह आपल्याजवळ नसला तरी तराजू आहे. शाळेतील ओला कचरा महिनाभर रोज तोला, तारीखवार वहीत लिहा, आलेख काढा. खत करू लागल्यावर पुन्हा तोला. मोजण्याची ही सवय लागली, तर उद्या उपग्रहाचे आकडे वाचणारे तुमच्यातूनच निघतील.