कलाविद्यार्थ्याचा पोर्टफोलिओ



मुलाचा कलामहाविद्यालयात प्रवेश ठरावयाची वेळ आली, की आपण पालक पोर्टफोलिओसाठी सुबक तेवढी चित्रे निवडतो. कोळशाची रेखाटने आणि फसलेले ठसे रद्दीत जातात. माझी विनंती आहे, ते राहू द्यावेत.

जलरंगात पांढरा म्हणजे बहुधा कोरा राखलेला कागद. तो आधीच योजावा लागतो. तैलरंग खरवडून पुन्हा चढविता येतो. लाकडी ठशात कोरलेला भाग पांढरा उरतो आणि चित्र उलटे उमटते. मातीत भर घालता येते, दगडातून मात्र केवळ काढता येते. उडालेली ढलपी परत बसत नाही! या निरनिराळ्या शिस्तींपुढे एकच हात कसा वागला, हे सुबक चित्रांपेक्षा फसलेल्या कामांतून अधिक कळते.

आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरातले ना. श्री. बेंद्रे १९१० साली इंदूरला जन्मले आणि तेथेच देवळालीकरांच्या हाताखाली शिकले. चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी न्यूयॉर्कला विद्यार्थी होऊन मुद्राचित्रणाचे धडे घेतले. १९५० मध्ये ते बडोद्याला चित्रकला विभागाचे प्रमुख झाले.

तेव्हा प्रत्येक कागदामागे तारीख व माध्यम लिहावे, कोळशाच्या चित्रावर पातळ कागद घालावा आणि निवड मुलावर सोडावी.