डावखुऱ्याचा डाव



वसंत व्याख्यानमालेच्या ह्या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, इतिहास, साहित्य असले भारदस्त विषय शोभतात. तेथे आज पत्त्यांची जादू, आणि तीही डावखुऱ्याने करावयाची, हा विषय पाहून काही मंडळींच्या कपाळावर आठी पडली असेल. आपल्या कोकणात पत्त्यांचा कॅट निघतो तो मे महिन्यातल्या दुपारी, पडवीत, आंबे खाऊन हात धुतल्यावर. पण ह्याच खेळाने मला एक गोष्ट शिकवली, आणि ती पत्त्यांपुरती नाही. मी स्वतः डावखुरा आहे, आणि हातचलाखी हा माझा जुना छंद आहे.

आपली भाषा डाव्याशी फारशी मायेने वागत नाही. सरस ते उजवे, उणे ते डावे. प्रसाद उजव्या हातावर घ्यायचा, पैसे उजव्या हाताने द्यायचे. काम अगदीच सोपे असेल तर तो डाव्या हातचा मळ! पण हीच भाषा अर्जुनाला ‘सव्यसाची’ म्हणून गौरवते, कारण त्याचा डावा हातही उजव्याइतक्याच सफाईने बाण सोडी. आणि जेवणाच्या पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे वाढतात ते कोणत्या बाजूला? डावी बाजू नसती तर उजव्या बाजूच्या भाजीची काय चव लागली असती?

आता पत्त्यांकडे वळू. उजवा माणूस कॅट डाव्या हातात धरतो आणि उजव्या हाताने पानांचा पंखा उलगडतो. तेव्हा प्रत्येक पानाची डावी कड उघडी राहते. तिथे वरच्या कोपऱ्यात इस्पिकचा राजा की बदामची राणी, ते छापलेले असते. दुसरी खूण उजवीकडे खालच्या कोपऱ्यात असते, म्हणजे पान उलटे आले तरी हिशेब तोच. डावखुऱ्याने आपल्या सवयीने पंखा उघडला की उघडी पडते उजवी कड, आणि तिचा वरचा कोपरा कोरा! बावन्न पाने हातात आणि वाचायला काही नाही. पाहणारे म्हणतात, ‘ह्याला पत्तेसुद्धा धरता येत नाहीत.’ वास्तविक कोपऱ्यातल्या ह्या खुणा रूढ झाल्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यापूर्वीच्या पत्त्यांना त्या नव्हत्याच. म्हणजे दोष हाताचा नव्हे, छपाईचा.

ह्याचा पुरावा फार लांब शोधायला नको. सावंतवाडी १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे, त्याआधी ती आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होती. तिथला गंजिफा डोळ्यांपुढे आणा. गंजिफा हा खेळ जुना. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या एका स्नेह्याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्याकडे त्याला दशावतारी रूप मिळाले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, अशी एकूण एकशेवीस. सावंतवाडीच्या चितारी मंडळींनी ही पाने हाताने रंगवली, त्यांवर लाखेची झिलई चढवली. ही कला मावळू लागली तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी ह्यांनी तिला राजवाड्यातच आश्रय देऊन पुन्हा उभे केले. ही पाने आहेत वाटोळी. वाटोळ्या पानाला कोपरा कुठला, आणि कोपरा नाही तर डावे-उजवे कुठले? पान बोटांनी फिरवा, हवी ती कड वर आणा. रामासारखे त्यालाही सगळे सारखेच.

पण हा चौकोनी पत्ताही डावखुऱ्याचा वैरी नाही. जादूगार कॅट कसा धरतो ते पाहा. पत्त्यांच्या हातचलाखीवर अर्डनेस ह्या टोपणनावाने १९०२ साली निघालेला एक इंग्रजी ग्रंथ आजही जगभर अभ्यासला जातो. असली पुस्तके लिहिलेली असतात उजव्या माणसासाठी, आणि त्यांत कॅट असतो डाव्या हातात! वरचे पान हळूच पुढे सारतो तो डावा अंगठा. तुम्ही निवडलेल्या पानाखाली केसाएवढी फट राखते ती डावी करंगळी. उजवा हात वरून येतो, ऐटीत पान उचलतो आणि टाळ्या घेतो. पडद्याआडचे काम बहुतेक डाव्याने केलेले असते. क्रिकेटच्या शौकिनांना हे लवकर पटेल. उजव्या फलंदाजाच्या बॅटवर वरचा हात डावा असतो आणि सरळ फटक्याला दिशा तो देतो. आपला सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, पण आयुष्यभर खेळला उजव्या हाताने. त्याचा ‘खरा’ हात कोणता, हे सांगा पाहू!

म्हणून होतकरू डावखुऱ्याला मी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो. त्याच्यापुढे कॅट ठेवावा, काही बोलू नये, आणि तो कोणत्या हातात घेतो ते पाहावे. उजव्या हातात घेतला तर पुस्तक वाचताना ‘डावा’ तिथे ‘उजवा’ वाचावे. गुरू उजवा असेल तर त्याच्या शेजारी न बसता समोर बसावे; आरशात पाहावे तशी प्रत्येक हालचाल आपोआप आपल्या बाजूची होते. उजव्या शिष्याला ही सवलत नाही! चारही कोपऱ्यांत खुणा असलेले पत्तेही मिळतात, ते घ्यावेत. आणि तो कोरा दिसणारा पंखा टाकून देऊ नये. दर्शनी एकच कोरे पान ठेवून पंखा दाट धरला, तर सगळा कॅट कोरा असल्याचा भास होतो. जगाने ज्याला व्यंग म्हटले, तेच आपल्या प्रयोगाचे भांडवल!

अर्जेंटिनाचा रेने लावाँद हा ह्या कलेतला थोर माणूस. जन्म १९२८चा. नवव्या वर्षी अपघातात त्याचा उजवा हात गेला. दोन हातांसाठी लिहिलेली पुस्तके त्याला निरुपयोगी होती. त्याने एका डाव्या हाताची पद्धत स्वतः घडवली, आणि २०१५ साली वारला तेव्हा जगभरचे जादूगार त्याला गुरू मानत होते. वेगाने डोळे फसवण्याच्या धंद्यात त्याची कीर्ती होती ती संथपणाची. प्रत्येक वेळी तो आणखी हळू करून दाखवी, आणि तरीही कुणाला काही दिसत नसे. एका हाताला घाई परवडत नव्हती. त्याने घाईच काढून टाकली.

समोर बसलेल्या आईबापांना आणि शिक्षकांना माझे सांगणे एवढेच. दर दहा माणसांत सुमारे एक डावखुरा असतो. तेव्हा तो तुमच्या घरात नसला तर वर्गात नक्की आहे. त्याने पेन्सिल डाव्या हातात धरली म्हणून त्या हातावर पट्टी मारू नका. त्या फटक्याने हात बदलतो की नाही कोण जाणे, पण आपण मुळातच चुकीचे घडलो आहोत हा समज मनात बसतो, आणि तो काढून टाकणारी जादू कोणत्याही जादूगाराजवळ नाही. हात बदलायचा असेल तर तो त्याच्या राजीखुशीने बदलू द्या. पाने वाटणारा नियतीचा हात डावा की उजवा, हे कुणी पाहिलेले नाही. आलेली पाने ज्याची त्याला, ज्या हाताने साधेल त्या हाताने, खेळू द्यावीत.