परगावी नेलेली ठेव



सुरतेहून आग्र्याकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता ज्या शहरांवरून जात असे, त्यांत तापीकाठच्या बऱ्हाणपूरचे स्थान मोठे होते. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या भेटीसाठी अजमेरकडे निघाला, तोही सुरतेहून बऱ्हाणपुरावरूनच पुढे गेला. रस्ता लांबचा आणि लुटारूंच्या भयाचा. अशा रस्त्याने रोकड वाहून नेण्यापेक्षा हुंडीचा कागद जवळ बाळगणे व्यापाऱ्यास अधिक सोयीचे वाटे.

ही हुंडी मोठ्या शहाणपणाने घडविलेली होती. ‘शहाजोग’ हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हाती पडत नसत. बाजारात पत असलेल्या ओळखीच्या माणसासच ते मिळत. हुंडी लिहिणारा सावकार परगावच्या पेढीस वेगळे सूचनापत्रही धाडीत असे. मूळ हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ लिहून मिळे आणि पेठही हरवली तर ‘परपेठ’. तात्पर्य, कागद चोराच्या हाती लागला तरी धन त्याच्या हाती लागू नये, अशी ही योजना होती.

आज त्याच बऱ्हाणपुरात, दर्गा-ए-हकीमीमुळे दूरदूरच्या यात्रेकरूंना परिचित असलेल्या लोधीपुऱ्यातून, एखादा कारकून यंत्रमागाच्या कापडाचा हिशेब घेऊन मुंबईस किंवा सुरतेस निघाला आहे, असे समजा. त्याच्या पिशवीत लॅपटॉप आहे, खिशात मोबाइल आहे. त्या दोहोंत गिऱ्हाइकांची यादी आहे, मालाचे भाव आहेत, कामगारांचे बँक खातेक्रमांक आहेत, त्यांच्या आधारपत्रांच्या प्रती आहेत. यंत्र पेढीचे असेल; परंतु आतील मजकूर अनेकांनी विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. यंत्र हरवले तर नवे घेता येते. गरीब विणकऱ्याचा खातेक्रमांक आणि ओळखपत्र भामट्याच्या हाती गेले, तर त्याचे नुकसान कोण भरून देणार?

म्हणून पहिली गोष्ट ही, की जेवढे लागेल तेवढेच बरोबर न्यावे. दोन दिवसांच्या कामासाठी दहा वर्षांच्या वह्या कोणी बैलगाडीत भरून नेत नसे. आज त्या वह्यांना वजन नाही, म्हणून त्या नकळत आपल्याबरोबर प्रवास करतात. निघण्यापूर्वी अनावश्यक मजकूर यंत्रातून काढावा आणि जे न्यावयाचे त्याची एक प्रत पेढीवर सुरक्षित ठेवावी. हीच आजची ‘पेठ’.

दुसरी गोष्ट कुलपाची. लॅपटॉप उघडताना परवलीचा शब्द विचारला जातो, एवढ्यावर पुष्कळजण निश्चिंत असतात. परंतु चोराने आतील साठवणीचा भाग काढून दुसऱ्या यंत्रास जोडला, तर तो शब्द न विचारताही मजकूर वाचता येतो. त्यासाठी सबंध साठवण कूटबद्ध करावी लागते. विंडोजच्या अनेक यंत्रांत ‘बिटलॉकर’ आणि ॲपलच्या संगणकांत ‘फाइलव्हॉल्ट’ ही सोय त्याकरिताच दिलेली आहे. आणि यंत्र नुसते मिटून न ठेवता प्रवासात पूर्ण बंद करावे.

तिसरी गोष्ट किल्लीची. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाचे कडे दुर्भेद्य मानले जात. १६०१ साली तो अकबराच्या हाती आला, तो तोफांनी नव्हे तर सोन्याच्या किल्लीने उघडला, असे परंपरेने सांगतात. कुलूप कितीही भक्कम असो, किल्ली कोठे आहे यावर सारे अवलंबून असते. परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून पिशवीतच ठेवणे म्हणजे तिजोरीला किल्ली लावून ठेवणे होय. शब्दाखेरीज मोबाइलवर येणाऱ्या अंकांची दुसरी खातरजमा ठेवावी. हुंडीबरोबरच्या वेगळ्या सूचनापत्रासारखाच तिचा उपयोग आहे. मात्र मग मोबाइल आणि लॅपटॉप एकाच पिशवीत ठेवू नयेत. सिमकार्डालाही स्वतंत्र कुलूपअंक लावता येतो. तो लावला नाही, तर चोर ते कार्ड आपल्या मोबाइलमध्ये घालून तुमचे अंक स्वतः घेऊ शकतो.

वाटेतील मोहांविषयीही सांगितले पाहिजे. २०१४ साली कॅस्परस्की या संस्थेने ‘डार्कहॉटेल’ नावाचे प्रकरण उजेडात आणले. आशियातील उंची हॉटेलांत उतरणाऱ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना तेथील वायफाय जोडताच, एखाद्या नेहमीच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घ्या, अशी सूचना दिसे. ती खोटी असे, आणि तिच्या आडून हेरगिरीचा प्रोग्रॅम यंत्रात शिरे. यावरून बोध असा, की परक्या जाळ्यावर असताना आलेली अशी कोणतीही सूचना मान्य करू नये. शक्यतो स्वतःच्या मोबाइलचेच जाळे वापरावे. सार्वजनिक ठिकाणच्या यूएसबी खाचेतून मजकूर चोरला जाण्याच्या धोक्याविषयी रिझर्व्ह बँकेनेही २०२२ च्या पुस्तिकेत सावध केले आहे. आपला चार्जर जवळ बाळगून तो साध्या विजेच्या खाचेत लावावा, हे उत्तम.

एवढे करूनही वस्तू हरवली तर? मोबाइलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की त्याचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो घरी लिहून ठेवावा. चोरी होताच प्रथम पेढीस कळवावे, म्हणजे खाती बंद करता येतील. मग सिमकार्ड बंद करवून पोलिसांत तक्रार नोंदवावी. त्या तक्रारीच्या आधारे ‘संचार साथी’ या सरकारी व्यवस्थेतून हरवलेला मोबाइल देशभर निरुपयोगी करविता येतो. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

येथेच खरी अडचण आहे, आणि ती यंत्राची नसून मनाची आहे. गाडीत पिशवी गेल्याचे भुसावळास लक्षात आले, तरी धनी रागावतील, नोकरी जाईल, या धास्तीने तो कारकून मुंबईपर्यंत गप्प बसतो. तेवढ्या काही तासांतच चोराचे काम होऊन जाते. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांनी गंभीर स्वरूपाच्या सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावयाच्या आहेत. २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात तर पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केलेली आहे. परंतु नोकरास सत्य सांगण्याचे भय वाटत असेल, तर मालकास ते वेळेवर कळणार तरी कसे?

म्हणून माझी विनंती नोकरांइतकीच पेढीच्या धन्यांनाही आहे. माणसाला परगावी धाडताना त्याच्या हाती कुलूपबंद यंत्र द्या, आणि त्याबरोबर एक अभयवचनही द्या: ‘काही हरवले तर त्याच क्षणी सांग, वेळेवर सांगितल्याबद्दल तुला शिक्षा होणार नाही.’ हुंडी हरवल्याची वर्दी वेळेवर पोचली तरच पेठेचा उपयोग होत असे. ती वर्दी देण्याचे धैर्य माणसाला यावे, ही जबाबदारी ज्याच्या नावाने पेढी चालते त्याची आहे.