वाट पाहण्याचं माप

हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून इथवर पोहोचलेल्या मित्रमैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या वतीने तुम्हा सर्वांचं पुण्यात मनापासून स्वागत. व्यवस्थेत काही उणं राहिलं तर पोटात घाला. चहा मात्र चांगला आहे, मी दोनदा पिऊन खात्री केली आहे.

प्लॅटफॉर्म वापरताना डेव्हलपरला काय सोसावं लागतं, ते मोजायचं कसं, हा आपला विषय. मोजण्याची हौस आपल्या धंद्यात जुनीच. १९८२ साली ॲपलमध्ये लिसा या संगणकाच्या टीमला दर आठवड्याला लिहिलेल्या कोडच्या ओळींचा आकडा फॉर्मवर भरून द्यावा लागे. त्या टीममधल्या बिल ॲटकिन्सन यांनी क्विकड्रॉ या पडद्यावर चित्रं काढणाऱ्या कोडचा एक भाग नव्याने लिहिला. तो कितीतरी वेगवान झाला आणि कोड घटला. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, उणे २०००! काही आठवड्यांत त्यांच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं.

हसू नका, चुकीचं मोजणाऱ्यांत मीही आहे. आमच्या टीमने एकदा बिल्डचा वेळ निम्म्यावर आणला आणि केक कापला. तक्रारी मात्र तशाच. शेवटी नव्याने रुजू झालेल्या एका मुलीशेजारी अर्धा दिवस बसलो. बिल्ड झटपट होत होता. ती खोळंबली होती टेस्ट सर्व्हरच्या ॲक्सेससाठी. तिकीट टाकून तिसरा दिवस. आमच्या डॅशबोर्डवर ते तीन दिवस कुठेच नव्हते.

मग डॅशबोर्ड सोडून नुसतं माणसांना विचारलं की झालं? तेही नाही. २०२५ मध्ये ‘मेटर’ या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांची २४६ कामं तपासली. एआयची साधनं वापरून आपण वीस टक्के लवकर काम उरकलं, असं त्यांना वाटत होतं. घड्याळाप्रमाणे १९ टक्के जास्त वेळ लागला होता. म्हणजे लॉगही हवा आणि माणसाचं म्हणणंही. निकोल फोर्सग्रेन, मार्गारेट-ॲन स्टोरी यांच्यासारखे संशोधक हेच सांगत आलेत. फक्त ते म्हणणं अप्रेझलच्या फायलीत जाणार असेल, तर खरं कोण बोलेल?

तुमच्या पिशवीत अभिप्रायाचा फॉर्म आहे. दुपारी जेवणाच्या रांगेत किती वेळ गेला असं वाटलं, ते जरूर लिहा. आमचा एक कार्यकर्ता तिथे घड्याळ घेऊन उभा असेल. दोन्ही आकडे उद्या सकाळी याच पडद्यावर दाखवू.