खारं वारं आणि चाकाचा पिवळा दिवा

मंडळी, संयोजकांनी विचारलं होतं, गाडीतल्या एका दिव्यावर तासभर काय बोलणार? मी म्हटलं, शिरोड्यात बोलायचं तर मिठावर बोलेन. दिवा हे निमित्त.

दिवा तुमच्या ओळखीचा आहे, चाकातली हवा कमी झाली की लागतो तो. घोड्याच्या नालासारखा, पिवळा, मधे उद्गारचिन्ह. अमेरिकेत २००० साली टायर फुटण्याचं प्रकरण गाजलं, कायदा झाला आणि २००८च्या मॉडेलपासून तिथं तो सक्तीचा झाला, हे तुम्ही वाचलेलं असेलच. आपल्याकडे २०२० साली नियम बदलला. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि हवेचा सेन्सर असेल, तर गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. म्हणजे उद्या स्टेपनीही नसेल, सगळी भिस्त या दिव्यावर. आणि तो लागला की आपण म्हणतो, "सेन्सर गेलो!" (हशा)

हसताय, पण हे वाक्य इथल्या निम्म्या लोकांनी म्हटलेलं आहे. बहुतेक गाड्यांत दिवा लागून तसाच राहिला तर हवा कमी. चावी फिरवल्यावर मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणेत बिघाड. सेन्सरची बॅटरी संपलेली असते, नाहीतर सेन्सर नसलेली स्टेपनी लावलेली असते. एवढा फरक ओळखला तरी पुष्कळ खर्च वाचतो.

(मागून एक गॅरेजवाला: "मग आमी काय लोकांक फसवतव?")

नाही हो, बसा. तुमच्यावर माझा रोख नाही. गिऱ्हाईक पहाटे दिवा बघतं आणि तुमच्याकडे येईपर्यंत चाक तापतं. तापलेल्या चाकात हवेचा दाब तीन-चार पौंडांनी चढतो, दिवा विझतो, तुमच्या गेजचा काटाही ठीक दाखवतो. मग दोष सेन्सरवर. म्हणून हवा मापायची ती पहाटे, गाडी हलवायच्या आधी, आपल्या स्वतःच्या गेजनं. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेलं असतं. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल दाबाचा, तो भरायचा नसतो.

आता भाच्याची गोष्ट सांगतो. गेल्या चतुर्थीला तो मुंबईहून आला. डाव्या पुढच्या चाकापायी दर दोन दिवसांनी दिवा लागायचा. एका गॅरेजात सांगितलं, सेन्सर बदला. मी साबणाचं पाणी घेऊन चाकापाशी बसलो. खिळा नाही, चीर नाही. व्हॉल्वच्या तोंडावर मात्र मोहरीएवढा बुडबुडा फुगायचा, फुटायचा, परत फुगायचा. टोपी नव्हतीच. आतली पिन सोडवायला गेलो तर हलेना. जोर लावला आणि नळी मोडली, फस्सकन सगळी हवा गेली. आत पांढरी भुकटी. भाचा म्हणाला, "मामा, मीठ!"

मीठ नव्हतं ते. नळी अ‍ॅल्युमिनियमची, ते अ‍ॅल्युमिनियम गंजून झालेली भुकटी. कधीतरी पंक्चर काढताना कुणी साधी पितळी पिन बसवली असणार. दोन धातू चिकटून आणि मधे खारा ओलावा, म्हणजे बारीकशी बॅटरीच. तीत अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पितळ शाबूत राहतं. रबरी व्हॉल्ववाल्या जुन्या गाड्यांत ही भानगड नव्हती.

आमच्या आजीला हे बरोबर समजलं असतं. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, हे तिला शाळेत न जाता ठाऊक. पावसाळा सरला की कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा, त्यात कोळसे, शेजारी चामड्याचा भाता. पातेलं तापलं की तो नवसागर टाकायचा, पांढरा धूर नाकाला झोंबायचा. मग कथलाची काडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं एक फराटा, आणि पिवळं पातेलं आतून चंद्रासारखं. आजी नखानं टोकरून बघायची, कुठे पितळ उघडं राहिलं तर त्याला परत बसवायची. या नळीला लागते ती पिनही अशी कल्हई केलेलीच, निकेलचा मुलामा दिलेली. पिवळी नव्हे, रुपेरी. पंक्चर काढून घेताना आजीसारखं उभं राहून बघा, कुठली पिन बसते आहे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. मिठावर बोलेन म्हटलं होतं, पण १९३०च्या मे महिन्यात याच गावात मिठाच्या सत्याग्रहात लोकांनी काय सोसलं, ते मी तुम्हाला सांगायला नको. इथल्या हवेत मीठ आहे, ते राहणार.

भराभर सांगतो. वेळागरच्या वाळूत गाडी नेलीत तर घरी येऊन व्हॉल्व गोड्या पाण्यानं धुवा. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतो, चाकाच्या फिरण्यावरून अंदाज घेतात. तिथं हवा भरल्यावर रीसेट केल्याशिवाय दिवा जात नाही. आणि धातूच्या चकचकीत टोप्या लावू नका, त्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला कायमच्या चिकटतात. प्लॅस्टिकची टोपी लावा, आत रबराची चकती असलेली.

तशा टोप्या मी आणल्यात, दाराशी डब्यात आहेत. जाताना प्रत्येकानं चार घ्या. स्टेपनी असेल त्यानं पाच.