वडाळा : मिठाची जमीन



मुंबईला जाऊन आलेला एखादा तरी माणूस तुमच्या गावात असेल. हार्बरच्या गाडीने जाताना त्याने ‘वडाळा रोड’ हे स्टेशन पाहिले असेल. आज त्याच वडाळ्याची हकिकत सांगतो.

आधी जमीन पाहू. मुंबई पूर्वी सलग नव्हती. समुद्रात सात बेटे होती. त्यांतल्या परळच्या बेटावर, पूर्वेच्या अंगाला वडाळा होते. शेजारी खाडी, आणि जमीन सखल. भरती आली की पाणी आत यायचे. ओहोटी लागली की चिखल उरायचा. अशा खाऱ्या चिखलात काय पिकणार? पण माणसाने तिथेही पीक काढले. मिठाचे पीक!

मीठ कसे करतात? बांध घालून जमिनीचे चौकोनी वाफे करतात. भरतीचे पाणी चरातून आणून त्यांत कोंडतात. उन्हाने पाणी आटते आणि खाली मीठ राहते. ते ओढून त्याचे ढीग घालतात. या जागेला मिठागर म्हणतात. पाऊस सुरू झाला की काम बंद. इथे नांगर नाही, बियाणे नाही. पण मेहनत शेतीइतकीच.

वडाळ्यात विठ्ठलाचे जुने देऊळ आहे. मिठाच्या व्यापाऱ्यांमुळे ते उभे राहिले, असे लोक सांगतात. ज्याला पंढरपूर गाठता येत नाही, तो आषाढी एकादशीला इथे माथा टेकतो. म्हणून याला प्रतिपंढरपूर म्हणतात.

पुढे आगगाडी आली. १९१५ साली पोर्ट ट्रस्टची मालगाडी बंदरापासून वडाळ्यापर्यंत धावू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवर चालणारी देशातली पहिली गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली. तीही याच हार्बरच्या मार्गाने.

आता १९३० सालची गोष्ट ऐका. तेव्हा राज्य इंग्रजांचे होते. मिठावर कर होता. सरकारच्या परवानगीवाचून मीठ करणे हा गुन्हा होता. मीठ श्रीमंताला लागते तेवढेच गरिबालाही लागते. म्हणून हा कर गरिबाला फार टोचे. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला चिमूटभर मीठ उचलून कायदा मोडला. मग मुंबईचे लोक वडाळ्याच्या मिठागरांकडे निघाले. १ जूनला सुमारे १५,००० माणसे जमली. त्यांत बायका होत्या, मुलेही होती. पोलिसांनी वाट अडवली. लोक कडे तोडून चिखलात उतरले आणि मिठावर धावले. पोलिसांचा मार बसला, पण लोक हटले नाहीत. शेवटी १९४७ साली तो कर गेला.

त्यानंतर वडाळ्याचे रूप पालटले. बऱ्याच मिठागरांवर भराव पडला. चाळी झाल्या, इमारती झाल्या. मालमोटारींचा मोठा तळ झाला. २०१४ साली वडाळ्याहून चेंबूरला मोनोरेल सुरू झाली. माणसांना घरे मिळाली, कामे मिळाली. हे चांगलेच झाले.

पण मंडळी, जमीन आपला स्वभाव सोडत नाही. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की सखल भागातले पाणी समुद्रात जात नाही. रस्ते तुंबतात. हार्बरची गाडी थांबते. जिथे पूर्वी पाणी पसरायचे, तिथे आता घरे आहेत. मग पाण्याने जावे कुठे? ते घरात शिरते. आणि सगळ्यांत आधी शिरते ते गरिबाच्या झोपडीत!

तुमच्या गावातही ओढा असेल, नाला असेल, पाणी साचण्याची जागा असेल. पूर कुठवर येतो, जुनी वाट कुठून जात होती, हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. त्यांना विचारा. जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. उद्या कुणी पाण्याच्या जागेवर घर बांधू लागला, तर ती वही त्याला वाचून दाखवा.