हाडे जिवंत आहेत



घर बांधताना आपण आधी काय उभे करतो? खांब. मग आढे, मग वासे. त्यांच्यावाचून घर उभे राहील का? नाही. आपल्या शरीराचेही तसेच आहे. हाडे नसती, तर आपण गोधडीसारखे जमिनीवर पडून राहिलो असतो.

मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडे असतात. मांडीचे हाड सर्वांत लांब. कानाच्या आतले एक हाड सर्वांत लहान, तांदळाच्या दाण्याहूनही लहान!

हाडांचे पहिले काम आधार देणे. दुसरे काम राखण करणे. कवटी मेंदूला जपते. बरगड्यांच्या १२ जोड्या हृदय आणि फुप्फुसे यांना पिंजऱ्यासारख्या जपतात. तिसरे काम हालचाल. स्नायू हाडांना ओढतात आणि हाडे सांध्यांत हलतात. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा वाकतो. खांदा चहूकडे फिरतो. म्हणून तर आपण पाणी शेंदतो, नांगर धरतो.

पण मंडळी, एक फरक आहे. घराचा वासा म्हणजे वाळलेले लाकूड. हाड तसे नाही. हाड जिवंत आहे. काही हाडांच्या आत मगज असतो, त्यात रक्त तयार होते. हाड मुलाबरोबर वाढते. मोडले तर पुन्हा जुळते. मोडलेला वासा कधी आपोआप जुळला आहे का?

मात्र हाड जसे बसवाल तसे जुळते. वाकडे बसले तर वाकडेच जुळते.

माझ्या शाळेतला एक मुलगा चिंचेवरून पडला. उजव्या हाताचे हाड मोडले. घरच्यांनी हात ओढला, चोळला आणि करकचून बांधला. बोटे निळी पडली. पोर रात्रभर रडले. तरी पट्टी कोणी सोडली नाही. पुढे हाड जुळले, पण बोटे आखडली ती कायमची. त्या हाताने त्याला पुन्हा लेखणी धरता आली नाही. मग मी त्याला डाव्या हाताने गिरवायला शिकवले. घरच्यांची माया कमी नव्हती. माहिती कमी होती.

म्हणून हे ध्यानात ठेवा. हाड मोडल्याची शंका आली, तर ओढू नका, चोळू नका. दोन बाजूंना बांबूच्या कामट्या ठेवा. आत मऊ कापड घाला. सैलसर बांधा. बोटे गार किंवा निळी पडली, मुंग्या आल्या, तर गाठ लगेच सैल करा. पाठीला किंवा मानेला मार लागला असेल, तर माणसाला उठवून बसवू नका. सपाट फळीवर सरळ निजवून न्या. आणि दवाखान्यात लवकर न्या.

हाडांना खाऊही लागतो. त्यांना कॅल्शियम हवे. ते दूध, ताक, नाचणी आणि तीळ यांत असते. अंगावर ऊन पडले, की ते अंगी लागते. पण कॅल्शियम हवे म्हणून कोणी डबीतला चुना खाऊ नका हं! तोंड भाजेल.

घराची डागडुजी आपण दर पावसाळ्याआधी करतो. या जिवंत घराचीही तशीच काळजी घ्या. आज वाचलेले घरी सांगा. एखाद्या पोराचा हात वाचेल.